गावात पाणीगट बांधायचा तर: तरुणांच्या प्रशिक्षणाचे टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पाण्याच्या प्रश्नावर काम करायला निघालेले तरुणांचे गट बहुतेकदा एकाच ठिकाणी अडकतात. पहिल्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुप होतो, दुसऱ्यात निवेदन दिलं जातं, निवेदन देतानाचा फोटो फिरतो आणि महिनाभरात सगळं थंडावतं. पोरांमध्ये जोर नसतो असं अजिबात नाही, त्यांचा क्रम चुकलेला असतो. मागणी आधी ठरते, मोजणी मागाहून होते, आणि ज्याच्या सहीने काम होणार त्याच्या टेबलापर्यंत कागद पोचतच नाही.

पुढचा क्रम ग्रामीण महाराष्ट्रातल्या, ग्रामपंचायतीची नळयोजना असलेल्या आणि जोडीला विहिरी-हातपंप असलेल्या गावासाठी आहे. ग्रामसभेपर्यंत पोचायला साधारण दहा आठवडे लागतात. सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करावी. पावसाळ्यात पाणी सर्वांत जास्त दूषित होतं, तेव्हाच ते मोजलं जातं, आणि पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याच्या ग्रामसभा ऑक्टोबरपासून सुरू होतात, त्या गाठता येतात. एप्रिलमध्ये टंचाई पेटल्यावर गट बांधायला घेतला तर सगळी शक्ती टँकरमागे धावण्यात जाते.

## टप्पा १: पूर्वतयारी (आठवडा १ आणि २)

गट १२ ते १५ जणांचा ठेवा. आठपेक्षा कमी असले तर परीक्षा, लग्नसराई आणि शेतीची कामं आली की काम बंद पडतं. वीसपेक्षा जास्त झाले की निम्मे नुसते उभे राहतात. निम्म्या मुली हव्यातच. घरातलं पाणी बहुतेक ठिकाणी त्या आणि त्यांच्या आया भरतात, त्यामुळे नळ किती वाजता येतो आणि कधी गढूळ असतो हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.

निवड करताना गावठाण, दलित वस्ती, आदिवासी पाडा, तांडा, मळ्यातली घरं या प्रत्येक ठिकाणचे किमान दोघे घ्या. एकच प्रतिनिधी घेतला की तो बैठकीत गप्प बसतो. सोबत दुसरा असला की बोलतो.

बैठकीची जागा आणि वेळ मुलींना विचारून ठरवा. मंदिराचा पार किंवा चौकातला कट्टा चालत नाही, तिथे मुली येत नाहीत आणि काही वस्त्यांतली मुलंही संकोचतात. शाळेची खोली किंवा अंगणवाडी, संध्याकाळी चार ते साडेपाच, हे बहुतेक गावांत जमतं.

वयाचं भान ठेवा. ग्रामसभेत मतदार यादीत नाव असलेल्यांनाच मत असतं. १८ वर्षांखालची मुलं नकाशा, मोजणी आणि नोंदी उत्तम करतात, पण त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या. सह्या, अर्ज आणि आंदोलन यांत त्यांना पुढे करू नका.

याच काळात ग्रामपंचायतीला एक साधं पत्र द्या: आम्ही अमुक तारखेपासून गावातल्या पाण्याच्या नोंदी घेणार आहोत, जलसुरक्षकांचं (पाण्याचं शुद्धीकरण पाहणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसांचं) सहकार्य हवं. परवानगी मागण्यापेक्षा कळवण्याचा सूर ठेवा, पण भाषा आदराची असू द्या. या पत्रामुळे नंतर ‘कुणाला विचारून नमुने घेतले?’ हा प्रश्न उरत नाही.

सामानाची यादी:

- जाड पुठ्ठ्याच्या तीन नोंदवह्या (मोजणी, घरभेटी, पाठपुरावा)
- २० लिटरच्या दोन बादल्या, आतून लिटरच्या खुणा केलेल्या
- ३० मीटरची मोजपट्टी, आणि दर मीटरला गाठ मारलेला, टोकाला वजन बांधलेला दोर
- एचटूएस बाटल्या (पाण्यात विष्ठेचे जंतू असले तर काळ्या पडणाऱ्या): तपासायच्या ठिकाणांची दुप्पट, अधिक चार
- क्लोरीन तपासायचा संच (ओटी किंवा डीपीडी या रसायनाचा)
- स्पिरिट, कापूस, हातमोजे, न पुसणारा मार्कर

फील्ड टेस्ट किट, म्हणजे एफटीके (गावातच पाणी तपासायची पेटी), विकत घेण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात शक्यतो पाच महिलांना हे किट वापरायचं प्रशिक्षण द्यायचं असतं. किट अनेकदा कपाटात पडून असतं आणि त्या बायांना कुणी हाक मारलेली नसते. त्यांना गटाच्या पहिल्या शिक्षिका करा. बाहेरून तज्ज्ञ आणण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे.

तपासा: किटमधल्या रसायनांची मुदत संपलेली नाही ना? मुदत संपलेल्या रसायनाने काढलेला आकडा ग्रामसभेत कुणी पकडला तर बाकीचे खरे आकडेही बुडतात.

सावध: कुठल्याही पक्षाचा बॅनर, नेत्याचा फोटो किंवा इच्छुक उमेदवाराने दिलेले टी-शर्ट घेऊ नका. पंचायतीची निवडणूक जवळ असेल तर गटातल्या कुणी उभं राहायचं ठरवल्यास त्याने आधी गटातून बाहेर पडावं, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

## टप्पा २: पाण्याचा नकाशा (आठवडा ३)

शाळेच्या अंगणात रांगोळीने किंवा खडूने गाव काढा. आधी रस्ते आणि वस्त्या, मग विहीर, बोअर, हातपंप, पाण्याची टाकी, मुख्य पाइपलाइन, व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक लाइनचा शेवटचा नळ. त्यावर दुसऱ्या रंगाने गटारं, शौचालयांचे शोषखड्डे, उकिरडे आणि जनावरं धुवायच्या जागा.

दोन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे गोल करा. पुढची सगळी तपासणी याच गोलांपासून सुरू होते.

मग नकाशा हातात घेऊन पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर संपूर्ण लाइन पायी चाला. हा माणूस गटाचा सर्वांत महत्त्वाचा स्नेही आहे. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठे जोड गळतो, कुठल्या गल्लीत दाब पोचत नाही, हे कागदावर कुठेच नसतं, त्याच्या डोक्यात असतं. त्याला कधीही आरोपी करू नका. बऱ्याच गावांत त्याचा पगारही वेळेवर होत नाही.

चालताना या गोष्टी बारकाईने पाहा:

व्हॉल्व्हची चौकोनी कुंडी उघडून बघा. ती गटाराच्या पाण्याने भरलेली असेल आणि व्हॉल्व्ह गळत असेल, तर दूषित पाण्याचं मूळ तिथेच आहे. नळाला पाणी असतं तेव्हा लाइनमधून बाहेर गळती होते. पुरवठा बंद झाला की पाइपात पोकळी तयार होते आणि कुंडीतलं घाण पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी नळाला पहिली पाच मिनिटं पिवळट, वासाचं पाणी येतं ते हेच. ज्या गल्लीत घरोघरी टिल्लू पंप थेट नळाला लावलेले असतात तिथे हे ओढणं आणखी वाढतं, शिवाय शेवटच्या घरांना पाणी उरत नाही.

विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, ओटा फुटलेला आहे का, शोषखड्डा १५ मीटरच्या आत आहे का, लोक आपापली बादली-दोर टाकतात का, हे लिहा. हातपंपाच्या ओट्याला भेग असेल तर सांडपाणी त्या भेगेतूनच खाली मुरतं.

ग्रामपंचायतीच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होते आणि जोखमीनुसार हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. गावाचं शेवटचं कार्ड कुठल्या रंगाचं होतं आणि त्यात कुठल्या त्रुटी लिहिल्या होत्या, याची प्रत मिळवा. अर्धी मागणी तिथेच लिहिलेली सापडते.

सावध: विहिरीत उतरायचं नाही आणि पाण्याच्या टाकीवर चढायचं नाही. विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो, टाकीच्या शिड्या गंजलेल्या असतात. खोली दोराने मोजा, टाकी कधी धुतली ते नोंदवहीवरून विचारा.

## टप्पा ३: घरभेटी (आठवडा ४ आणि ५)

तरुणांना सर्वांत अवघड हाच टप्पा जातो, म्हणून यावर जास्त वेळ द्या. बोलायला सगळे तयार असतात, ऐकायला शिकवावं लागतं.

आधी दोन बैठका सरावाच्या घ्या. एकाने घरमालकीण व्हायचं, दोघांनी भेट द्यायची, बाकीच्यांनी कोण किती वेळ बोललं ते घड्याळ लावून मोजायचं. वीस मिनिटांच्या भेटीत गटाच्या जोडीने पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. आवाज चढला, सल्ला दिला, सरपंचाचा विषय आपण काढला, की सराव पुन्हा.

प्रत्येक जोडीत एक मुलगी आणि एक मुलगा, आणि शक्यतो वेगवेगळ्या वस्तीचे असावेत. भेट स्वयंपाक आवरल्यावर किंवा दुपारी. जोडीने दिवसाला चारच घरं करावीत. सहा जोड्या असतील तर दहा दिवसांत २४० घरं होतात, मध्यम गावाला पुरे.

विचारायचे प्रश्न:

१. नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं?
२. पिण्याचं पाणी कुठलं, वापरायचं कुठलं?
३. पाणी कोण भरतं आणि त्यासाठी काय सोडावं लागतं (शाळा, मजुरी, झोप)?
४. एप्रिल-मेमध्ये कुठून आणता?
५. पिण्याचं पाणी कशात साठवता, कशाने काढता?
६. गेल्या महिन्यात घरात कुणाला जुलाब झाले का?
७. पाणी नीट व्हावं म्हणून तुम्ही स्वतः काय कराल: सभेला याल, नोंद ठेवाल, की आणखी कुणाला बोलवाल?

सातवा प्रश्न कधीही गाळू नका. पहिले सहा प्रश्न माहिती देतात, सातवा माणसं देतो. ‘येईन’ म्हणणाऱ्याचं नाव, गल्ली आणि कशासाठी तयार आहे ते त्याच्या संमतीने लगेच लिहा. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी हीच यादी हातात लागते.

आजाराच्या नोंदीत नाव लिहू नका, फक्त गल्ली आणि वय. घरातल्या माणसांचे किंवा मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

नेहमीची चूक: ‘आम्ही तुमचं काम करून देतो.’ हे वाक्य गटात कुणीही उच्चारायचं नाही. काम झालं नाही तर विश्वास जातो, आणि झालं तरी पुढच्या वेळी लोक बसून राहतात. ‘आपण मिळून विचारू’ एवढंच म्हणा.

सावध: एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सांगितल्या तर सर्वेक्षण थांबवून त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आकडे गोळा होईपर्यंत वाट पाहायची नाही.

## टप्पा ४: मोजणी आणि तपासणी (आठवडा ५ ते ७)

### आधी किती पाणी येतं ते मोजा

जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. नळाखाली २० लिटरची बादली ठेवा आणि भरायला लागणारा वेळ मोजा. चार मिनिटांत भरली तर मिनिटाला पाच लिटर. पुरवठा ४५ मिनिटं असेल तर २२५ लिटर, म्हणजे ५० लिटर कमी. पाणी एक दिवसाआड येत असेल तर हाच आकडा दोन दिवसांत वाटायचा, म्हणजे रोजचे ११२ लिटर. दिवसाआडचा हा भागाकार विसरल्यामुळे कित्येक तक्त्यांत पुरवठा दुप्पट दिसतो.

प्रत्येक लाइनवर तीन नळ मोजा: टाकीजवळचा, मधला आणि शेवटचा. सुरुवातीला, मध्ये आणि पुरवठा संपताना, अशी तीन वेळा. वेगवेगळ्या तीन दिवशी. एका दिवसाच्या आकड्यावर ‘त्या दिवशी लाइट गेली होती’ हे उत्तर तयार असतं.

### क्लोरीन

शेवटच्या नळाला मोकळं (पाण्यात शिल्लक राहिलेलं) क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम असावं. साथीच्या काळात ०.५ धरतात. ओटी तपासणीत पिवळा रंग येतो. तो द्रावण टाकल्यावर लगेच, पहिल्या दहा सेकंदांत पाहायचा. उशिरा गडद होणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो, म्हणून ‘भरपूर क्लोरीन आहे’ अशी चुकीची नोंद होते. ओटीचं द्रावण विषारी आहे. हातमोजे घाला, तपासलेलं पाणी कुणी पिणार नाही याची खात्री करा.

टाकीपाशी क्लोरीन आहे आणि शेवटच्या नळाला नाही, असं निघालं तर मध्ये कुठेतरी घाण मिसळते आहे किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी पडते आहे. नकाशावरचे गोल पुन्हा काढून बघा.

विहिरीला पावडर किती लागते याचं गणित गटाला आलं पाहिजे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १०००, म्हणजे लिटर. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली तर ९४ ग्रॅम. पाणी गढूळ किंवा पावडर जुनी असेल तर दुप्पटही लागते, म्हणून शेवटी मोजायचं ते क्लोरीनच.

पावडर थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा, मग पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने पाण्यात खालीवर करून मिसळायची. पुढचा तासभर पाणी उपसायचं नाही. हे काम जलसुरक्षकांचं आहे, गटाने ते पाहावं, समजून घ्यावं आणि नोंद ठेवावी. पोती उघडी, ओलाव्यात ठेवलेली असतील तर क्लोरीन उडून गेलेलं असतं. तशा पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याची मागणी करता येते.

### जंतू

एचटूएस बाटली उघडण्याआधी हात साबणाने धुवा. नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, पाणी दोन मिनिटं वाहू द्या, बाटली खुणेपर्यंत भरा. आत बोट लावायचं नाही, झाकण खाली ठेवायचं नाही, बाटली विसळायची नाही. नाव, ठिकाण, तारीख, वेळ लगेच लिहा. २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवा. पाणी काळं झालं तर ते विष्ठेने दूषित असण्याची दाट शक्यता आहे. थंडीत काळं व्हायला वेळ लागतो, म्हणून ‘रात्री ठेवली, सकाळी साफ होती’ हा निकाल धरायचा नाही.

सरावाला दोन बाटल्या वेगळ्या ठेवा. एकीत उकळून गार केलेलं पाणी, दुसरीत गटाराचं. पहिली तशीच राहिली आणि दुसरी काळी झाली, तरच बाकीच्या निकालांवर भरवसा ठेवा. ग्रामसभेत या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की तपासणी कशी झाली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वापरलेल्या बाटल्या उकिरड्यावर टाकू नका. काळ्या बाटलीत जंतू वाढलेले असतात. टीसीएलचं घट्ट द्रावण ओतून काही तास ठेवा, मग पाण्याच्या स्रोतापासून लांब पुरा.

### रसायनं

| घटक | किती चालतं (आयएस १०५००, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) | गल्लत कुठे होते |
|---|---|---|
| फ्लोराइड | लिटरला १ मिलीग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ | पाणी चवीला चांगलं लागतं म्हणून सोडून देतात |
| नायट्रेट | ४५ मिलीग्रॅम, सूट नाही | उकळलं की कमी होईल असं समजतात |
| टीडीएस (विरघळलेले क्षार) | ५०० मिलीग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० | यावरून पाणी शुद्ध ठरवतात |
| ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) | १०० मिलीलिटरमध्ये एकही नाही | एकदा नसलं म्हणजे कायम नाही असं धरतात |

टीडीएसचा पेन स्वस्त आहे, म्हणून सगळे आधी तो घेतात. त्याने फक्त क्षार कळतात. टीडीएस १५० दाखवणारं पाणी कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेलं असू शकतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा क्षारांचा. नायट्रेट बहुतेक ठिकाणी खत आणि मैल्यामुळे. फ्लोराइड किंवा नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तिथे मागणी टीसीएलची नसते, दुसऱ्या स्रोताची असते.

एफटीके अंदाज देतो. गावाबाहेर आकडा मांडायचा तर सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल हवा. जलजीवन मिशनच्या सूचनांनुसार स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक दोनदा व्हायची असते. आधी ते अहवाल मागा. नव्याने नमुना द्यायचा तर जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. शनिवारी नमुना घेतला तर तो सोमवारपर्यंत वाया जातो.

तपासा: प्रत्येक आकड्यासमोर ठिकाण, तारीख, वेळ, मोजणारा आणि साक्षीदार अशी दोन नावं आहेत का? नसतील तर तो आकडा तक्त्यातून काढा.

## टप्पा ५: एकच मागणी (आठवडा ७)

‘पाण्याचा प्रश्न सोडवा’ ही मागणी होत नाही, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मागणीत चार गोष्टी पाहिजेत: काय, कुठे, कधीपर्यंत आणि कुणी. उदाहरणार्थ: ‘खालच्या वस्तीच्या लाइनवरील गळका व्हॉल्व्ह ३० दिवसांत ग्रामपंचायतीने बदलावा, कुंडी गटारापासून वेगळी बांधावी, आणि शेवटच्या नळाच्या क्लोरीनची नोंद रोज फलकावर लावावी.’

गटाला दहा प्रश्न दिसलेले असतात आणि सगळे मांडावेसे वाटतात. पहिल्या फेरीत तीन ते सहा महिन्यांत होण्यासारखी, जास्तीत जास्त घरांना लागणारी आणि सर्वांत हाल असलेल्या वस्तीला न वगळणारी, अशी एकच निवडा. शेवटची अट सोडू नका. गावठाणाचं काम झालं आणि वस्तीचं राहिलं, की पुढच्या वेळी वस्ती येत नाही, आणि त्यांनी का यावं?

मग कागद कुठे अडतो ते ठरवा. पावडर, व्हॉल्व्ह, किरकोळ गळती, पाणी सोडायच्या वेळा हे ग्रामपंचायतीचं काम: सरपंच, ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. योजनेची नवी लाइन, टाकी, अर्धवट काम हे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्याकडे. नवा स्रोत शोधायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. टँकरला ग्रामपंचायतीचा ठराव आणि पंचायत समितीमार्फत प्रस्ताव. चुकीच्या टेबलावर दिलेला कागद महिनोन्‌महिने फिरतो.

पैशाची वाटही सांगता आली पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२२ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीला मिळालेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. त्यातला किती, कशावर खर्च झाला हे विचारायचा हक्क ग्रामसभेला आहे.

## टप्पा ६: ग्रामसभा (आठवडा ८ ते १०)

१. विषय लेखी द्या, विषयपत्रिका निघण्याच्या आधी. ‘आयत्या वेळच्या विषयांत’ घेऊ असं सांगितलं तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. तिथे विषय शेवटी येतो, तोवर बाया घरी गेलेल्या असतात.

२. महिला सभा आधी होते. तिथे हाच ठराव मांडा, बोलणाऱ्या दोघीजणी आधी ठरवा.

३. गणपूर्तीचं, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचं, गणित करा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तो आकडा. ४०० मतदारांच्या गावात ६०. घरभेटीच्या यादीतली माणसं गल्लीनुसार वाटून घ्या आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन आठवण करा. नुसत्या व्हॉट्सॲपवर माणसं येत नाहीत.

४. तीन मिनिटांत मांडता येईल एवढंच बोला: नकाशा, तीन आकडे, दोन बाटल्या, एक मागणी. नळाचं पाणी भरणारी बाई स्वतः बोलली तर उत्तम.

५. ठरावाचा मजकूर तयार लिहून न्या. सूचक आणि अनुमोदक ठरलेले असू द्या. सभेतच तो इतिवृत्ताच्या वहीत लिहिला जातो ना ते पाहा आणि मोठ्याने वाचून घ्या.

६. प्रत मागा, लेखी अर्जाने.

सावध: कोऱ्या पानावर हजेरीच्या नावाखाली सह्या करू नका. वर तारीख आणि सभेचा विषय लिहिलेला असेल तरच सही.

नेहमीची चूक: सभेत सरपंचांना उघडं पाडायचा मोह. तुमचा पुरावा भक्कम असेल तर तो दोन दिवस आधी त्यांना दाखवा. सरपंच स्वतःहून ठराव मांडतात असं पुष्कळदा होतं, आणि काम व्हायला तेच हवं असतं.

## टप्पा ७: पाठपुरावा

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसलेलं निवेदन कार्यालयाच्या दृष्टीने दिलेलंच नसतं. फोटोत साहेब हसत असले तरी.

पाठपुराव्याच्या वहीत पाच रकाने: कागद, कुणाला दिला, आवक क्रमांक, पुढची तारीख, जबाबदार कोण. सातव्या दिवशी भेट, पंधराव्या दिवशी स्मरणपत्र, तिसाव्या दिवशी वरच्या अधिकाऱ्याला पत्र. भेटायला दोघांनी जावं, एकट्याने नाही, आणि बाहेर पडताच काय बोलणं झालं ते लिहावं.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार, २००५. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: योजनेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, टीसीएलची साठा नोंदवही, गेल्या तीन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

हंडा मोर्चा किंवा धरणं हे यानंतर. लेखी पुरावा, ठराव आणि न आलेली उत्तरं हातात असतील तर मोर्च्यात मांडायला काहीतरी असतं. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, जमावबंदीचा आदेश लागू नाही ना ते विचारा, बोलणी कोण करणार ती तीन माणसं आधी ठरवा.

## टप्पा ८: काम पुढच्यांच्या हाती

गट टिकत नाही तो बहुतेकदा एकाच हुशार मुलावर सगळं आल्यामुळे. तो शिक्षणाला पुण्याला गेला की वह्याही जातात. म्हणून मोजणी, नोंद, संवाद आणि पाठपुरावा या चारही कामांवर दोघे-दोघे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी कामं बदला. वह्या कुणाच्या घरी न ठेवता शाळेत किंवा अंगणवाडीत ठेवा, प्रत्येक पानाचा फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये.

मागणी पूर्ण झाली तरी शेवटच्या नळांचं क्लोरीन आठवड्यातून एकदा, एचटूएस महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याने, आणि बादलीची मोजणी एप्रिल-मेमध्ये पुन्हा करा. निकाल चांगला असो वा वाईट, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नव्या व्हॉल्व्हच्या कुंडीत पहिल्या पावसानंतर पाणी साचलंय का, हे बघायला कोण जाणार त्याचं नाव आजच वहीत लिहून ठेवा.